दुधाच्या ॲपचा वापर: कोल्हापूर आणि नेदरलँड्सची तुलना करायची तर नेमकं काय मोजायचं?

पंचगंगाकाठ

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. पण इथे गोठा असणारे, कारखान्यात काम करणारे, आकडेवारीतले आणि नुसते चौकस असे सगळेच वाचतात, म्हणून सविस्तर लिहिते.

शिवाजी विद्यापीठात माझं पीएचडीचं काम चालू आहे, विषय माहिती प्रणालींच्या वापराचा. आपल्याकडे संस्थेत दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ), दर आणि रक्कम असा मेसेज येतो, बऱ्याच ठिकाणी ॲपही आहे. नेदरलँड्समध्येही दूधधंदा मोठ्या प्रमाणात सहकारावर उभा आहे आणि तिथला शेतकरीही आपल्या दुधाचे आकडे मोबाइलवर बघतो. ही माहिती कोण बघतो, कशासाठी बघतो आणि तिच्यावरून काय ठरवतो, याची दोन्हीकडची तुलना करायची असा बेत आहे.

तयार वाट सोपी आहे. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं तंत्रज्ञान-स्वीकाराचं प्रारूप घ्यायचं. प्रणाली उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, या दोन गोष्टींवरून माणूस ती वापरेल की नाही याचा अंदाज बांधणारं हे प्रारूप. त्यातली विधानं मराठीत आणि डचमध्ये आणायची, ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत सात पर्याय द्यायचे, दोन्हीकडे फॉर्म भरून घ्यायचे, सरासऱ्या काढायच्या. फरक आला की गीर्ट हॉफस्टेड यांचे देशोदेशींच्या संस्कृतीचे गुणांक उघडायचे. अधिकार-अंतरात, म्हणजे वरच्या-खालच्यांतली असमानता लोक किती गृहीत धरतात यात, भारत ७७, नेदरलँड्स ३८. व्यक्तिवादात भारत ४८, नेदरलँड्स ८०. आणि लिहून टाकायचं की भारतीय शेतकरी वरून आलेलं मुकाट स्वीकारतो, डच शेतकरी आपलं आपण ठरवतो. असे पेपर ढिगाने आहेत. मला तसला पेपर लिहायचा नाही.

हॉफस्टेड यांचं काम मी कमी लेखत नाही. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या जगभरच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेले सुमारे १,१६,००० फॉर्म, आणि त्यातून १९८० मध्ये मांडलेली देशांची तुलना. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात संस्कृती मोजायला धजणं हीच मोठी गोष्ट होती. पण त्या काळातल्या आयबीएमच्या कचेरीतला माणूस आणि राधानगरीकडे तीन म्हशी राखणारी बाई, दोघांना एकच ७७ कसा चिकटवायचा? ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं होतं: एका कंपनीतल्या लोकांवरून अख्ख्या देशाबद्दल बोलता येतं, हे सिद्ध करायचं सोडून आधीच धरून चाललेत.

शिवाय तो गुणांक देशाचा आहे, माणसाचा नाही. हॉफस्टेड स्वतःही हे बजावत आले. समूहाच्या पातळीवर दिसणारा संबंध माणसाच्या पातळीवर चक्क उलटा निघू शकतो. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतून हे दाखवलं. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त, तिथे निरक्षरता कमी होती (सहसंबंध उणे ०.५३). एकेक माणूस धरून मोजलं तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता थोडी जास्त (अधिक ०.१२). कारण सरळ होतं. बाहेरून आलेले लोक जिथे मुळात शिक्षण जास्त अशा राज्यांत जाऊन राहिले होते. देशाच्या गुणांकावरून शेतकऱ्याच्या मनातलं सांगणारे नेमकं हेच विसरतात.

संस्कृती ओलांडून डेव्हिस यांचं प्रारूप तपासणारा जुना आणि प्रामाणिक प्रयत्न म्हणजे स्ट्रॉब, कील आणि ब्रेनर यांचा १९९७ चा अभ्यास. अमेरिका, स्वित्झर्लंड आणि जपान इथल्या तीन विमान कंपन्यांतले कर्मचारी ईमेल कसा वापरतात, हे त्यांनी पाहिलं. पहिल्या दोन देशांत प्रारूप लागू पडलं, जपानमध्ये नाही. ‘लागू पडत नाही’ असं छापायला हिंमत लागते, म्हणून मला तो पेपर आवडतो. पण प्रत्येक देशाची एकच कंपनी असेल तर दिसलेला फरक देशाचा की कंपनीचा, हे कसं वेगळं काढणार? माझ्याही आराखड्याला हीच भीती आहे.

आता इथलं सांगते. करवीर तालुक्यातल्या एका संकलन केंद्रावर मी पहाटे जाऊन बसते. किटली काट्यावर, नमुना मशीनमध्ये, फॅटचा आकडा बाहेरच्या लाल पडद्यावर. बाई स्लिप घ्यायच्या आधी तो आकडा बघते. “सहा-दोन? काल सहा-पाच हुता की.” मागून आवाज येतो, “पेंड बदललीस काय गं?” तिसरी सांगते, तिचाही आज उतरलाय, वैरण ओली असणार. माहितीचा सगळा वापर तिथेच उरकला, उभ्या उभ्या, चारचौघींत. मग घरी मेसेज येतो, तोही तिच्या फोनवर नाही. खातं सासूच्या नावावर, नंबर पुण्यातल्या मुलाचा, आणि तो रात्री फोन करून बिल वाचून दाखवतो. सर्व्हरच्या नोंदीत वापरकर्ता एक. प्रत्यक्षात तीन माणसं, आणि ज्या बाईच्या कष्टाचं ते दूध आहे ती त्या नोंदीत कुठेच नाही.

अशा वेळी ‘मला हे ॲप वापरायला सोपं वाटतं’ हे विधान मी कुणासमोर ठेवू? डच गोठ्यात शंभराच्या आसपास गायी असतात आणि नोंदी बघणारा माणूस बहुधा धंद्याचा मालकच. त्याचा फॉर्म आणि या घराचा फॉर्म शेजारी ठेवून सरासरी काढली तर मी नक्की कशाची कशाशी तुलना केली?

जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

---

चौकस

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. तुलना करायचीच कशाला? कोल्हापूरचं कोल्हापूरला नीट समजून घेतलं तर नाही चालणार?

---

पंचगंगाकाठ

@चौकस, चालेल, आणि त्याचंही मोल मोठं आहे. पण तुलनेशिवाय एक गोष्ट कळत नाही: आपल्याला जे सहज, स्वाभाविक वाटतं ते सगळीकडेच तसं आहे की नाही. केंद्रावर फॅट सगळ्यांसमोर दिसणं आपल्याला इतकं नेहमीचं आहे की त्याची नोंद घ्यावी असंही वाटत नाही. नेदरलँड्समध्ये टँकर गोठ्यावर येतो, नमुना घेतो आणि तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेत होते. शेजाऱ्याचा आकडा समोर नसतोच. हे वाचल्यावर मला आपल्या लाल पडद्याचं महत्त्व कळलं.

---

आकडेशास्त्री

धागा आवडला. संख्याशास्त्राच्या बाजूने लिहितो.

सरासऱ्यांची तुलना करण्याआधी मोजपट्टी दोन्हीकडे सारखी चालते का, हे तपासायची पद्धत उपलब्ध आहे आणि ती न वापरता तुलना छापणं मला गैर वाटतं. स्टीनकॅम्प आणि बाउमगार्टनर यांचा १९९८ चा लेख अजूनही यातला पाया आहे. सोप्या शब्दांत: आधी बघायचं की दोन्ही देशांत तीच विधानं त्याच कल्पनेभोवती गोळा होतात का. मग प्रत्येक विधानाचं त्या कल्पनेशी असलेलं नातं दोन्हीकडे सारख्याच ताकदीचं आहे का. आणि शेवटी, कल्पना दोघांच्या मनात सारख्याच प्रमाणात असेल तर दोघं विधानाला सारखेच गुण देतात का. दुसरी पायरी पार झाली तर ‘उपयोगी वाटणं आणि वापर यांचं नातं कुठे घट्ट’ एवढं विचारता येतं. सरासऱ्या शेजारी ठेवायच्या तर तिसरी पायरी पार व्हावीच लागते, निदान काही विधानांपुरती. बहुतेकांची गाडी तिसऱ्या पायरीवर अडते आणि पेपरात मात्र सरासऱ्याच असतात.

हे का होतं, तर उत्तर देण्याच्या सवयी वेगळ्या. कुठे लोक टोकाचे पर्याय निवडतात, कुठे मधले. कुठे विचारणाऱ्याचा मान राखून ‘हो’ म्हणतात. आणखी एक गोष्ट, हाइने आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली: माणूस स्वतःला गुण देताना आपल्या आजूबाजूच्यांशी तुलना करून देतो. तुमच्या गावातला मुलगा ‘मी ॲप उत्तम वापरतो’ म्हणेल तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आजी असेल, डच शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर शेजारचा स्वयंचलित गोठा असेल. दोघांचा ‘सहा’ एक नाही.

यावर एक चांगला उपाय आहे. आधी एका काल्पनिक माणसाची छोटी हकिकत सांगायची, तिला गुण द्यायला लावायचे आणि मग स्वतःला. उदाहरणार्थ, ‘एका बाईंना मेसेज येतो, पण कपात कशाची झाली ते शेजारच्या मुलाला विचारावं लागतं. त्यांना ही सोय वापरणं कितपत जमतं?’ सगळ्यांना हकिकत तीच, त्यामुळे कोणाची पट्टी कुठे सुरू होते ते कळतं. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चीन आणि मेक्सिकोत हे वापरलं होतं. सरकारी कारभारात आपलं किती चालतं, याला चिनी लोकांनी मेक्सिकन लोकांपेक्षा जास्त गुण दिले होते. हकिकतींवरून पट्ट्या जुळवल्यावर क्रम उलटला. मूळ सरासऱ्यांवर विश्वास ठेवला असता तर काय निष्कर्ष निघाला असता, विचार करा.

---

दूधसचिव

ताई, मी एका गावच्या दूध संस्थेत सचिव हाय. तुमचं फोनचं लिवलंय ते शंभर टक्के बरोबर. आमच्याकडं नंबर नोंदवायला घेतलं तवा निम्म्या लोकांनी पोराचा न्हाईतर जावयाचा नंबर दिला. काहींनी संस्थेचाच द्या म्हणून सांगितलं. आता त्या नंबरांवरनं ‘इतके लोक ॲप वापरत्यात’ म्हणून कोण सांगत असंल तर ते खरं न्हवं.

दुसरं म्हंजे पेपरातलं ‘हो’. विद्यापीठातली माणसं आली, फॉर्म घिऊन, तर आमची लोकं ‘चांगलं हाय, चांगलं हाय’ म्हणत्यात. पाहुण्याला वाईट कोण सांगणार? त्यापेक्षा तुम्ही इचारा, मागच्या दहा दिवसाच्या बिलात पशुखाद्याची कपात किती झाली? ज्यानं मेसेज बघितलाय त्यो लगीच सांगतोय. ज्याला ठावं न्हाई त्यो म्हणतोय, सचिवाला इचारा.

---

आकडेशास्त्री

@दूधसचिव, माझ्या सगळ्या प्रतिसादापेक्षा तुमचा शेवटचा परिच्छेद कामाचा आहे. मताऐवजी माहिती विचारा. ‘सोपं वाटतं का’ यापेक्षा ‘गेल्या बिलातली कपात किती’ हे दोन्ही देशांत तपासता येतं, कारण खरं उत्तर संस्थेच्या नोंदीत आहे.

---

उद्यमनगरकर

मी फाउंड्रीत आहे. आमचा मोठा ग्राहक युरोपातला, त्यांच्या आग्रहाने ईआरपी, म्हणजे कारखान्याच्या सगळ्या नोंदी एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली, आली. त्यांच्याकडून एकदा अहवाल आला की भारतीय प्लांटमध्ये नोंदी वेळच्या वेळी होत नाहीत, सगळ्या शिफ्टच्या शेवटच्या अर्ध्या तासात होतात, कामाची शिस्त कमी पडते. नोंदीच्या वेळा बघून तसंच वाटणार.

प्रत्यक्ष काय आहे? संगणक सुपरवायझरच्या केबिनमध्ये. मोल्डिंगवाल्याच्या हातात ग्लोव्हज, अंगावर वाळू. तो हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या खेपेचा नंबर) आणि साच्याच्या बॉक्सची संख्या खडूने पत्र्यावर लिहितो. शिफ्ट सुटताना एकजण पत्र्यावरचं वहीत उतरवतो, वहीतलं संगणकात जातं. लॉगिन एकाचं, माणसं पाच. ग्राहकाच्या प्लांटमध्ये प्रत्येक मशीनजवळ स्कॅनर आहे. आमच्याकडेही पुढे एका लाइनवर स्कॅनर बसवले आणि त्या लाइनच्या नोंदी दिवसभर पडायला लागल्या. माणसं तीच.

म्हणून सांगतो, फॉर्म नको म्हणून सर्व्हरच्या नोंदींवर जाल तर त्याही खरं बोलतात असं धरू नका. आणि संस्कृतीचं नाव घेण्याआधी स्कॅनर कुठे आहे ते बघा.

---

रानवारा

उद्यमनगरकरांशी पूर्ण सहमत, आणि म्हणूनच फॉर्मवर एवढी मेहनत घ्यावी का, असा मला प्रश्न आहे.

कोल्हापूरकरांना आठवत असेल, १९९८ मध्ये वारणेच्या भागात ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प झाला होता. गावोगावी संगणक, ऊसउत्पादकाला कारखान्याची माहिती, शिवाय बाजारभाव, शेतीसल्ला असं बरंच काही देण्याचा विचार होता. त्याची जगभर चर्चा झाली. पुढे काही संशोधकांनी केंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन बघितलं तेव्हा दिसलं की संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाचं वजन, खत, येणं-देणं अशा कारखान्याच्या ठरावीक कामांपुरता होतोय. मग त्यांनी तेवढंच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. ‘तुम्हाला संगणक उपयोगी वाटतो का’ असं विचारलं असतं तर सगळ्यांनी हो म्हटलं असतं. केंद्रावर बसल्याशिवाय हे कळलंच नसतं.

जेफ वॉल्शम आणि सुंदीप साहाय यांचा १९९९ चा भारतातल्या जिल्हा प्रशासनातल्या भौगोलिक माहिती प्रणालींवरचा अभ्यासही जरूर वाचा. नकाशावर आधारलेली तयार प्रणाली आपल्या जिल्हा कचेऱ्यांत का रुजली नाही, याचा त्यांनी कित्येक वर्षं माग काढला. नकाशा बघून काम करणं तिथल्या रोजच्या सवयीत नव्हतं आणि खाती एकमेकांना माहिती देत नव्हती. असा शोध सात पर्यायांच्या फॉर्ममध्ये मावत नाही.

माझं मत, दोन गावं घ्या, एक इथलं, एक तिथलं. दोन्हीकडे राहा. आकडेमोड नंतर.

---

आकडेशास्त्री

@रानवारा, एक गाव म्हणजे एक गाव. तिथे जे दिसलं ते ‘कोल्हापूरचं’ आहे असं तुम्ही कशावरून म्हणणार? विमान कंपन्यांना लावलेला आक्षेप इथे जसाच्या तसा लागू आहे.

---

रानवारा

बरोबर आहे, आणि मी तसं म्हणणारही नाही. गावावरून मी देशाबद्दल बोलणार नाही, पण माहिती वापरली जाते कशी, ती प्रक्रिया मात्र सांगू शकेन. लाल पडद्यासमोर चारचौघींत फॅटचा अर्थ लागतो, ही प्रक्रिया आहे. ती किती गावांत आहे हे नंतर तुम्ही मोजा. पण मी सांगितल्याशिवाय ती तुमच्या फॉर्ममध्ये येणारच नाही, कारण १९८९ च्या अमेरिकेत एकेकट्या कर्मचाऱ्याला समोर ठेवून ती विधानं बनली.

---

पंचगंगाकाठ

या दोघांच्या वादात मला माझ्या कामाचा क्रम दिसतोय. बाहेरून आणलेल्या मोजपट्टीने मोजणं आणि आतून, तिथल्या माणसांच्या नजरेने समजून घेणं, हा भेद केनेथ पाइक यांनी १९५४ मध्ये भाषाशास्त्रातून मांडला आणि जॉन बेरी यांनी १९६९ मध्ये तो संस्कृतींच्या तुलनेत आणला. बेरींचं म्हणणं मला पटतं: बाहेरची पट्टी घेऊन सुरुवात झाली तरी ती तात्पुरती समजायची, दोन्हीकडे आतून बघून घ्यायचं, आणि जे दोन्हीकडे खरोखर सामाईक निघेल तेवढ्यावरच तुलना उभी करायची.

माझ्या बाबतीत सामाईक काय, तर ॲप नाहीच. इथला मेसेज आणि तिथलं गोठा-व्यवस्थापन या एक वस्तू नव्हेत. सामाईक आहे ती गरज. आपल्या दुधाचं माप आणि प्रत खरी धरली गेली का, याची उत्पादकाला खात्री हवी असते. इथली बाई ती पडद्यावर आणि शेजारणीच्या आकड्यात शोधते. तिथला शेतकरी प्रयोगशाळेच्या अहवालात शोधत असेल, किंवा त्याला शोधायची गरजच वाटत नसेल. ‘आकड्यावर शंका आली तर पुढचं पाऊल कोणतं, कोणाकडे जाता, काय दाखवता?’ हा प्रश्न दोन्हीकडे अर्थ राखून विचारता येतो असं मला वाटतं.

---

निपाणीकर

सीमेपलीकडून लिहितोय. नेदरलँड्स राहू दे, आधी कागल आणि निपाणी करा की! हायवेने कागल सोडलं की थोड्या वेळात आमचं गाव. ऊस तोच, म्हैस तीच, सोयरीक तर इकडची तिकडं सगळी. घरात मराठी, कचेरीत कन्नड. पण राज्य बदललं की दुधाची व्यवस्था बदलते. कर्नाटकात सहकारी संस्थेत दूध घालणाऱ्याला सरकारकडून लिटरमागे ५ रुपये प्रोत्साहनधन थेट खात्यावर मिळतं. त्यासाठी संस्थेतली नोंद, आधार आणि बँक खातं जुळलेलं लागतं. त्यामुळे आपल्या नावाची नोंद बरोबर आहे का, हे आमच्याकडं लोक डोळ्यांत तेल घालून बघतात.

आता कागल आणि निपाणीत वापराचा फरक निघाला तर त्याला ‘संस्कृती’ म्हणणार काय? पलीकडं माझी मावशी राहते.

---

आकडेशास्त्री

@निपाणीकर, फार नेमकं. तुलनात्मक समाजशास्त्रात याला जुना आधार आहे. शेव्होर्स्की आणि ट्यून यांनी १९७० मध्ये दोन मार्ग मांडले: शक्य तितकी सारखी ठिकाणं घेऊन एकच फरक तपासणं, किंवा शक्य तितकी वेगळी ठिकाणं घेऊन काय तसंच राहतं ते बघणं. कागल-निपाणी पहिल्यात बसतं, कोल्हापूर-नेदरलँड्स दुसऱ्यात. म्हणजे डच बाजूला फरक शोधूच नका, साम्य शोधा. एवढ्या वेगळ्या ठिकाणीही एखादी गोष्ट तशीच दिसली तर तिच्यात दम आहे.

मात्र सोयरीक आहे तिथे एकाचं बघून दुसरा शिकतो. दोन ठिकाणं स्वतंत्र नाहीत ही अडचण फ्रान्सिस गॅल्टन यांनी १८८९ मध्येच काढली होती. ‘ॲप कुणी शिकवलं?’ हा प्रश्न घाला म्हणजे सीमेपलीकडून काय आलं ते कळेल.

---

दूधसचिव

ताई, अजून एक हाय. तुम्हाला सीमा बी ओलांडायला नको. २०२४ साली आपल्याकडं सरकारनं गायीच्या दुधाला लिटरला ५ रुपये अनुदान दिलं. फकस्त गायीच्या, म्हशीच्या न्हाई. त्याला जनावराच्या कानात बिल्ला पायजे, ऑनलाइन नोंद पायजे, खातं आधारला जोडलेलं पायजे. त्या टायमाला गायवाली माणसं रोज येऊन इचारायची, माझी नोंद झाली काय, फोनवर दाखवा. म्हशीवाली मागं उभी राहून बघत हुती, त्यांचा संबंधच न्हवता. गाव एक, गल्ली एक. आता गायवाल्यांची संस्कृती येगळी आन् म्हशीवाल्यांची येगळी म्हणायची काय?

---

रानवारा

@दूधसचिव, हा संपूर्ण धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रतिसाद. स्वेच्छेने वापर आणि सक्तीचा वापर यांत फरक करा असं या विषयातले लोक कधीपासून सांगतायत, वेंकटेश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या तंत्रज्ञान-स्वीकाराच्या एकत्रित प्रारूपातही तो घटक आहे. पण गाय-म्हशीइतकं स्वच्छ उदाहरण मी वाचलं नव्हतं.

---

चौकस

मग स्कॅनर, अनुदान, प्रयोगशाळा, फोन कोणाच्या हातात, हे सगळं बाजूला काढल्यावर संस्कृती उरली कुठे?

---

रानवारा

@चौकस, प्रश्न असा विचारला की संस्कृती म्हणजे सगळं वजा केल्यावर उरलेली बाकी ठरते. तशी ती नसते. गायवाले नोंद बघायला आले हे अनुदानामुळे. पण ते ॲप उघडून न बघता सचिवाकडे आले, आणि सचिवाने फोनवर दाखवल्यावरच त्यांचं समाधान झालं. यंत्रातला आकडा ओळखीच्या माणसाच्या तोंडून खरा होतो, हे अनुदानाने समजावता येत नाही. शोधायचं ते तिथे. मायर्स आणि टॅन यांनी २००२ मध्ये माहिती प्रणालींच्या संशोधकांना हेच सांगितलं होतं की संस्कृतीला देशाच्या सीमेत बंद करू नका, ती बदलती आणि वादग्रस्त गोष्ट आहे.

---

पंचगंगाकाठ

@रानवारा, यावर थोडी असहमती. ओळखीच्या माणसाकडे जाणं हे विश्वासापेक्षा जबाबदारी ठरवणंही असेल. उद्या अनुदान आलं नाही तर ‘सचिवानं दाखवलं हुतं’ असं म्हणता येतं, ॲपला जाब विचारता येत नाही. दोन्ही अर्थ शक्य आहेत आणि ते फक्त माणसांशी बोलूनच वेगळे काढता येतील. डच शेतकरीही प्रयोगशाळेच्या आकड्यावर शंका आली की फोन माणसालाच करत असेल, तर हा मुद्दा कोल्हापूरचा उरतच नाही. तेही तपासायचं.

सगळ्यांच्या प्रतिसादांतून आराखडा आता असा होतोय. आधी केंद्रांवर बसणं आणि घरी जाऊन बोलणं, आणि मोजायचं एकक माणूस न धरता घर धरायचं: खातं कोणाचं, फोन कोणाचा, धार कोण काढतं, पैसे कोण खर्च करतं, हे चारही वेगळे रकाने. मग त्याच गावात गायवाले आणि म्हशीवाले. मग कागल आणि निपाणी. फॉर्ममध्ये मतांची विधानं थोडी, हकिकती दोन-तीन आणि बिलातल्या कपातीसारखे तपासता येणारे प्रश्न जास्त. नेदरलँड्सचा भाग लहान ठेवणार, मोजक्या पण सखोल मुलाखती, त्याही शंका आली तर काय करता या एकाच धाग्यावर. त्यातून दोन देशांच्या सरासऱ्या निघणार नाहीत, आणि त्या मी काढणारही नाही.

भाषांतरासाठी उलट भाषांतर करून, म्हणजे मजकूर परत मूळ भाषेत आणून, ताडायची ब्रिस्लिन यांची १९७० ची पद्धत सगळे वापरतात, पण मला युरोपीय सामाजिक सर्वेक्षणातली गटाने भाषांतर करायची रीत जास्त भरवशाची वाटते: दोघांनी स्वतंत्रपणे करायचं, तिसऱ्याने बसून दोन्ही ताडायचं, मग गावातल्या चार जणांना विचारून बघायचं की प्रश्न ऐकून त्यांच्या मनात काय आलं. मराठी आणि डच जमेल. निपाणीसाठी कन्नड लागेल का?

---

निपाणीकर

घरात बोलायला मराठी चालतंय, पण संस्थेचे कागद, मेसेज सगळे कन्नडमध्ये येतात. वय झालेल्या लोकांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, ते मेसेज शाळकरी नातवाकडून वाचून घेतात. त्यामुळे तुमच्या चार रकान्यांत पाचवा घाला: मेसेज वाचतो कोण. कन्नड वाचणारी दोन मुलं आमच्या गल्लीत आहेत, कॉलेजला जातात, त्यांना विचारून ठेवतो.

---

दूधसचिव

आमच्या संस्थेत कधी बी या. सकाळी साडेपाचला मशीन चालू हुतंय. बिलाच्या दिवशी या, म्हंजे कपातीवरनं कोण काय इचारतंय ते ऐकायला मिळंल. नोंदी दाखवायच्या असतील तर चेअरमनला अर्ज द्यायला लागंल, आन् ज्याचं खातं हाय त्याची बी सही घ्या. माझ्या एकट्याच्या हो म्हणण्यावर दाखवणं बरोबर न्हाई.

---

पंचगंगाकाठ

@दूधसचिव, अर्जाचा मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवते. खातेदाराच्या संमतीचा फॉर्म वेगळा करते आणि तो वाचून दाखवूनच सही किंवा अंगठा घेईन. सुनेच्या, मुलाच्या फोनवरचा मेसेज बघायचा असेल तर त्यांचीही वेगळी संमती घेणार. @निपाणीकर, पाचवा रकाना घातला.